सोमवारपर्यंत थांबलेले प्रकरण

मी एक जुनी साहसकथा आहे. मित्रांनो, पूर आलेल्या नदीत नाव घालून हरवलेल्या वडिलांना शोधायला निघालेल्या दोन मुलींची गोष्ट माझ्या पोटात आहे. माझे मुखपृष्ठ केव्हाच फाटले. अंगावर आहे तो निळसर कागद क्षितिजाच्या बाबांनी, गिरीश यांनी घातलेला. ते भोपाळच्या एका मोठ्या कारखान्यात फिटर होते. यंत्राच्या रद्द झालेल्या नकाशाचे त्यांनी मला कव्हर केले.

दहा वर्षांची क्षितिजा मला एकटीने कधी वाचत नसे. भोपाळच्याच अवधपुरीतल्या त्यांच्या घराच्या जिन्यावर शेजारची मानसी आणि ती बसत. एक पान ही, एक पान ती, मोठ्याने.

"एकटीनं पुढं वाचलंस ना, तर कट्टी. पक्कीवाली!" मानसी दटावायची.

"तूच वाचशील चोरून, चीटर!"

मग बाबा आजारी पडले. आई कांचन लोकांचे डबे करू लागली. बाबांचा डबा घेऊन क्षितिजा एकटीच बसने दवाखान्यात जाऊ लागली. पहिल्या दिवशी कंडक्टरने विचारले, "अकेली जा रही हो, बेटा?" तिने ताठ मानेने हो म्हटले, पण मला छातीशी इतके घट्ट धरले की माझा कोपरा दुमडला. तो आजही तसाच आहे.

जिन्यावर वाचलेली पाने ती बाबांना पुन्हा वाचून दाखवी. मराठी न कळणारे शेजारच्या खाटेवरचे आजोबाही कान देत. माझे खरे सुखाचे दिवस तेच.

एका शुक्रवारी शेवटचे प्रकरण तेवढे उरले. मानसी लग्नाला उज्जैनला गेली होती.

"पुढं काय झालं गं? सापडले का वडील?" बाबांनी विचारले.

"मानसी सोमवारी येईल, बाबा. तोवर नाही. शपथ आहे आमची."

ते हसले. "बरं बाई. सोमवारी तर सोमवारी."

बसचे तिकीट खुणेला घालून तिने मला मिटले.

रविवारी सकाळी बाबा गेले.

त्यानंतर अकरा वर्षे मी ट्रंकेत, स्वेटरांखाली पडून होते. कडा कसरीने खाल्ल्या. शेवट मला ठाऊक होता, पण सांगायला तोंड नव्हते.

गेल्या महिन्यात घर बदलून शहराच्या टोकाला, मिसरोदला जायचे ठरले. सामान बांधायला आलेल्या मानसीच्या हाती मी लागले. तिकीट जागेवरच होते.

"वाचायचं?" तिने विचारले.

क्षितिजाने हातातली दोरी खाली ठेवली.

"एक पान तू, एक मी," म्हणत मानसी फरशीवरच बसली.

क्षितिजा वाचू लागली. भिंतीवर बाबांचा फोटो अजून तसाच होता. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "जरा मोठ्यानं वाच गं."

का, ते कोणी विचारले नाही.

मित्रांनो, आम्हा पुस्तकांना कव्हर घाला, ऊन दाखवा. आणि कोणी पुढची गोष्ट विचारली, तर ती सोमवारवर ढकलू नका.