बीटाचा रस आणि निळी चूळ

दातांच्या दवाखान्यात काम करणाऱ्या ताईला तिचा धाकटा भाऊ ‘फिनेल’ म्हणायचा, आणि उगाच नाही म्हणायचा. कडी दिसली की पूस, नळ दिसला की घास, पाहुणा उठला की त्याची खुर्ची पूस. बाईचं अर्धं आयुष्य डॉक्टरीणबाईंच्या शेजारी उभं राहून लोकांच्या तोंडात थुंकी ओढायची नळी धरण्यात गेलेलं. उघड्या तोंडात काय काय असतं ते रोज पाहिलेलं, त्यामुळे स्वतःच्या तोंडाबाबत ती भलतीच कडक. पेशंटच्या चेहऱ्यावर वाकायचं तर आपल्या तोंडाला वास नको, म्हणून चहा झाला की निळ्या औषधाची चूळ, जेवण झालं की चूळ, अधूनमधून कारण नसतानाही चूळ. तोंडात झोंबलं म्हणजे जंतू मेले, इतका साधा हिशोब.

आता हे सगळं चालून गेलं असतं. पण भावाची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आणि त्याला डायलिसिसच्या यंत्रावर झोपवायची वेळ आली. ताईने कुणाला विचारलं नाही की सांगितलं नाही, सरळ मोठ्या इस्पितळात गेली आणि म्हणाली, ‘माझं एक काढा.’ रक्तगट जुळला, बाकीच्या तपासण्याही ठाकठीक निघाल्या. घोडं अडलं ते रक्तदाबावर. फार नव्हे, जरासाच वर, पण वर. तिथले डॉक्टर स्पष्टवक्ते होते.

‘तुम्हाला पुढे एकाच मूत्रपिंडावर जगायचंय. गोळ्यांशिवाय दाब ताब्यात हवा. मीठ कमी करा, चाला, पुन्हा मोजू. तेव्हाही वर राहिला तर तुम्हाला मी घेणार नाही.’

आणि दुसरं होतं कोण? आईवडील कधीच गेलेले. भावजयीचं रक्त जुळत नव्हतं. ताईने नाही दिलं तर भाऊ त्या यंत्रालाच जखडून राहणार होता, नाहीतर यादीत वाट बघत बसणार होता.

मग काय, ताई इरेला पेटली. मीठ गेलं, लोणचं-पापड गेले, दोन बसथांबे चालणं आलं. इस्पितळातल्या आहारवाल्या मुलीने पालेभाज्या आणि बीटाचा रस सांगितला, तर ही रोज सकाळी दवाखान्यात पोचल्या पोचल्या पेलाभर रस घटाघटा प्यायची. चव आवडायची असं मुळीच नाही. नाक दाबून प्यायची आणि देवाला बजावायची की बघ हं, पितेय.

एकदा असाच रस पिऊन ती मास्क चढवायच्या आधीच एका आजोबांना खुर्चीत बसवायला गेली आणि हसून म्हणाली, ‘या, घाबरू नका.’ आजोबांनी तिचे लालभडक दात पाहिले आणि ताडकन उठून उभे राहिले. ‘बाई, तुमचीच ही गत, तर माझं काय करणार?’ डॉक्टरीणबाई हसून हसून बेजार झाल्या. ताईला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून रसाचा पेला खाली ठेवला रे ठेवला की निळी चूळ, तीही चांगली घोळून घोळून.

पुढच्या खेपेला दाब मोजला तर कणभरही उतरला नव्हता. ताईला तिथेच रडू कोसळलं. एवढी चालले, एवढं बेचव गिळलं, आणि हातात काय? भोपळा! आहारवाल्या मुलीने तिला पाणी दिलं आणि म्हणाली, ‘जीभ दाखवा बघू.’

ताईने दाखवली.

‘ताई, खरं सांगा. बीट पिता ना?’

‘आजच प्यायलेय! खोटं कशाला बोलू?’

‘मग जीभ एवढी लख्ख कशी?’

‘चूळ भरते ना औषधाची! दातांच्या दवाखान्यात काय लाल तोंडाने उभी राहू?’

मुलीने पेन खाली ठेवलं. ‘हिरड्यांसाठी कुणी लिहून दिलीय का ही चूळ?’

‘छे! माझी मीच घेते.’

‘अहो, मग बीट कशाला पिता? बीटात जे असतं ते पोटातून रक्तात जातं आणि लाळेतून परत तोंडात येतं. जिभेच्या मागच्या बाजूला जंतू असतात, ते त्याचं रूप पालटतात, मग ते गिळलं की रक्तवाहिन्या सैलावायला मदत होते. तुम्ही कामगारांना हाकललंत आणि माल तेवढा आत टाकत राहिलात.’

‘म्हणजे जंतू चांगले?’ ताईला हे ऐकवेना.

‘सगळे नाहीत. पण ते औषध चांगला-वाईट बघत नाही. फरक थोडाच पडेल, आणि पडेलच असं वचनही देत नाही. पण तुमचा दाब काठावर आहे. डॉक्टरांकडून आणखी एक संधी मी मागून घेते, सोडून तर बघा.’

ताईने दवाखान्यात येऊन डॉक्टरीणबाईंना जाब विचारला. त्या म्हणाल्या, ‘अगं, हिरड्या सुजल्या तर मी चार दिवस देते. तू जन्मभराचं व्रत घेतलंस, ते मला कुठे माहीत होतं?’

झालं! चूळ बंद. दात घासणं, फटींतून दोरा फिरवणं आणि साधं पाणी, बस्स. पहिले काही दिवस ताईला वाटायचं, सगळा दवाखाना आपल्यालाच हुंगतोय. तोंडावर मास्क असूनही ती मान वळवून बोलायची. पण रस सोडला नाही, चालणं सोडलं नाही. नंतरच्या तपासणीत दाब मर्यादेच्या आत आला, आणि पुन्हा मोजला तरी आतच राहिला. चालण्याने उतरला, मीठ सोडल्याने उतरला की चूळ थांबल्याने, ते डॉक्टरांनाही छातीठोक सांगता येईना. ते फक्त म्हणाले, ‘आता घेतो तुम्हाला.’

ताई धावतच भावाकडे गेली. तो यंत्राला जोडलेला, हातात सुया, डोळे मिटलेले.

‘ए, ऊठ. पास झाले.’

त्याने डोळे उघडले. हसेल असं तिला वाटलं होतं. तो छताकडे बघत राहिला.

‘दर वेळी तू नापास झालीस की मला बरं वाटायचं,’ तो हळूच म्हणाला. ‘वाटायचं, चला, निदान ही तरी धडधाकट राहील.’

ताई स्टुलावर बसली. एवढे दिवस रस गिळताना तिला हे सुचलंही नव्हतं.

‘आणि आता?’

‘आता भीती वाटते गं, ताई. तुला काही झालं तर?’

‘मलाही वाटते,’ ती म्हणाली. कुणापाशी ती हे पहिल्यांदाच बोलत होती. ‘पण तू नसलास तर, त्याची जास्त वाटते.’

त्याने मोकळा हात पुढे केला. तिने तो धरला आणि यंत्र थांबेपर्यंत सोडला नाही.