शकुबाईनं चुकवलेला अंदाज

रंजीताला नोकरी लागली तेव्हा सोमाजीनं गावभर सांगितलं, की माही पोरगी समुद्रातल्या वादळाचं नुकसान वादळ यायच्या आधीच सांगते. समुद्र पोंभुर्ण्याहून किती लांब हे सोमाजीला ठाऊक नव्हतं, आणि रंजीतानंही तो फक्त फोटोतच पाहिला होता. पण संख्याशास्त्रात ती विद्यापीठात दुसरी आलेली. पुण्याच्या एका विमा सल्लागार कंपनीला तेवढं पुरलं.

काम घरूनच होतं. नेटवर्क मात्र फक्त गोठ्याच्या माळ्यावर यायचं. तिथं भाताच्या तणसाला पाठ टेकून, लॅपटॉप मांडीवर घेऊन ती बसायची. खाली म्हैस रवंथ करायची आणि वर कोकणातल्या घरांची पडझड ठरायची.

मे महिन्यात वादळाची खबर आली. वेंगुर्ल्याकडच्या एका वाडीतल्या सव्वीस घरांचा अंदाज साहेबांना दोन दिवसांत हवा होता. रंजीता एकेका घराचा फोटो उघडून छप्पर, भिंत, समुद्रापासूनचं अंतर भरत होती, तेवढ्यात तिची आई शकुबाई तणीस काढायला वर चढली.

"हे कोनाचं घर व्हय?"

"कोन्या तांडेलचं. समोर दुकान हाय. याच्या छपराच्या टिना उडतीन. पंच्याऐंशी हजाराचं नुकसान."

शकुबाईनं तणसाची पेंढी खाली ठेवली. "मंग त्याले सांगतलं का?"

"कोनाले?"

"ज्याच्या टिना उडून राह्यल्या त्याले!"

"आई, आमचं काम अंदाज काढाचं हाय. सांगाचं नाई. कंपनीचा नियम हाय."

"वा रे वा कंपनी! मानसाचं घर मोडाची किंमत काढाची आन मानसाले पत्ता नाई!" असं म्हणत शकुबाईनं पडद्यावर बोट ठेवलं. दुकानाच्या पाटीवर चांगला ठळक मोबाईल नंबर होता. "लाव फोन. मी तं कंपनीत नाई ना?"

रंजीतानं खूप आढेवेढे घेतले. पण माळ्याची शिडी शकुबाईनं अडवली होती. शेवटी फोन लागला.

"कोन तांडेलभाऊ का? तुमच्या टिना उडनार हायत."

"कोण बोलता? खयसून बोलतास?"

"पोंभुर्न्याहून."

"थय समुद्र आसा?"

"नाई. तलाव हाय."

तांडेल गरजले, "माका ओटीपी इचारू नकात! पोलिसात जातलंय!" फोन बंद.

शकुबाईनं पुन्हा लावला. "तुहा ओटीपी तुह्याचपाशी ठेव, बापा. मले फक्त एवढं सांग, टिनावर काय ठेवलं हाय?"

"काय नाय," तांडेल नकळत बोलून गेले.

"मंग उडतीन नाई तं काय? वावधन-वारं आमच्याइथीबी येते. जाड दोर आडवा टाक, दोन्ही टोकाले गोटे बांधून लोंबत सोड. वरून रेतीनं भरलेल्या चुंगड्या ठेव. शेजाऱ्याइलेबी सांग."

या वेळी फोन तिनंच ठेवला, पेंढी उचलली आणि खाली उतरली. रंजीतानं सव्वीस घरांचा अंदाज पाठवून दिला: एकूण अठरा लाख चाळीस हजार.

वादळ आलं आणि गेलं. तिसऱ्या दिवशी तांडेलांचा फोन आला. आवाज एकदम मऊ. "बायनू, एक पत्रो हलाक नाय! आख्ख्या वाडीन दोर बांधल्यानी." शकुबाई नुसती "हव, हव" म्हणत राहिली, पण त्या दिवशी तिनं म्हशीला दोनदा सरकीची ढेप घातली.

आनंद फार टिकला नाही. आठवड्यानं साहेबांचा फोन आला. बाकी सगळ्या गावांचे अंदाज जुळले होते. एकाच वाडीत अठरा लाखांच्या जागी प्रत्यक्ष नुकसान निघालं बेचाळीस हजार.

"एवढी चूक कशी झाली, रंजीता?"

वाऱ्याची दिशा बदलली, असं सांगायचं तिनं ठरवलं होतं. पण साहेबांपुढे तिला खोटं बोलवेना. तिनं पाटीवरच्या नंबरापासून लोंबत्या गोट्यांपर्यंत सगळं सांगून टाकलं आणि डोळे मिटून बसली. नोकरी गेली, असंच तिला वाटलं.

साहेब म्हणाले, "हे नियमात बसत नाही. ताकीद द्यावी लागेल. लेखी."

"हो सर."

"आणि एक सांगा. दगड साधारण किती किलोचे?"

रंजीतानं माळ्यावरून खाली वाकून हाक मारली. "आई! साहेब इचारून राह्यले, गोटा केवढा पायजे?"

शकुबाई शेणाच्या हातानं कपाळावरचे केस मागे सारत म्हणाली, "एकट्या बाईले उचलता येईन तेवढा. आभाळ भरून आल्यावर बाप्ये मानसं घरी रायतेत कुठी?"

हे वाक्य साहेबांना कसं सांगावं, या विचारात रंजीता अडकली. पण फोन चालूच होता, आणि पलीकडे साहेब हसत हसत कुणाला तरी म्हणत होते, "लिहा, पंधरा किलो."