ब्रेक ऑइल

"हे बघा साहेब," फिटरने ब्रेकच्या टाकीच्या झाकणातलं रबर चिमटीत धरून उजेडात नेलं. "झाकणाच्या आत बसतं हे. बसवून दाखवा बरं."

कारकुनाने रबर हातात घेतलं. ते बसत नव्हतं. एका कडेने दाबलं की दुसऱ्या कडेने वर यायचं. एरवी सपाट असणारी ती चकती सुजून दुमडली होती आणि बोटांना बुळबुळीत लागत होती.

"आतली सगळी रबरं अशीच झालीत. ब्रेक आधी चिकटले असणार, मग तापले, मग सुटले." फिटरने हात पुसले. "इंजिन ऑइल कोणी घातलं ह्यात?"

 कारकून अजून रबर बसवायच्या खटपटीत होता.

"सोडा ते. फेकायचंच आहे."

गाडी दुसऱ्याच्या हाती द्यायची त्याची ही पहिलीच वेळ. जुनी घेतली तेव्हापासून तिचं सगळं तोच करत आला होता. आठवडाभर वीज कंपनीच्या तक्रार-खिडकीमागे बसून लोकांची बोलणी खायची आणि सुटीच्या दिवशी भोकाचं बनियन घालून गाडीखाली शिरायचं. चुका पुष्कळ व्हायच्या. एकदा त्याने वायरिंग बदललं, तर हॉर्न दाबला की वायपर फिरायला लागले. "आमच्या कारखानदारांची गाडी ओरडत नाही, नुसती मान हलवते," असं बायको शेजारीपाजारी सांगत सुटली. एकदा बंपरला दिलेला रंग पहिल्याच उन्हात पापुद्र्यांनी सुटून आला. जॅक सटकून गाडी त्याच्या छातीपासून वीतभर अंतरावर खाली बसली, तेव्हापासून तो आधी विटांचा टेकू लावायला शिकला. प्रत्येक चूक आपल्याला काहीतरी शिकवून जाते, असं त्याला वाटायचं.

मुलगी कॉलेजात असताना एका तापात तिचं कमरेखालचं अंग लुळं पडलं. डॉक्टरांनी हात टेकल्यावर घरात कोणी कोणाशी फारसं बोलत नव्हतं, त्या दिवसांत कारकुनाने स्टिअरिंगखाली एक दांडा बसवला. पुढे ढकलला की ब्रेक, मागे ओढला की वेग, मुठीवरचा चाप दाबला की क्लच. पाइप जुन्या खाटेचा, तारा सायकलच्या दुकानातल्या, मूठ त्याने स्वतः कानशीने घासलेली. चाकांच्या खुर्चीतून सीटवर सरकायला एक गुळगुळीत फळी केली. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याने दांडा पुन्हा पुन्हा हलवून पाहिला, कुठे शिकलात म्हणून विचारलं आणि गाडी पास केली.

मुलीला चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायची नोकरी लागली. सकाळी आई तिची खुर्ची मागे ठेवून द्यायची आणि तिकडे दुकानाचा वॉचमन ती उतरवून घ्यायचा. मधला सगळा रस्ता मुलीचा एकटीचा. पहिल्या दिवशी आई फाटकाशी डोळ्यांना पदर लावून उभी राहिली, तर मुलगी काच खाली करून म्हणाली, "रडायचं तर आत जाऊन रड गं. आरशात तूच दिसतेस, मागचं काही दिसत नाही."

हे सगळं सुरळीत चाललं होतं. मग एका दुपारी तिचा फोन आला. खिडकीसमोर रांग होती आणि पुढचा माणूस वाढीव बिल काउंटरवर आपटत होता.

"बाबा, ब्रेकचा दिवा लागलाय."

"ऑइल कमी झालं असेल. डिकीत आहे, वर घाल थोडं."

"कुठलं?"

"ब्रेक ऑइल, दुसरं कुठलं? बॉनेट उघडून दे म्हणावं कोणीतरी."

"वॉचमनकाका आहेत." मग पलीकडून डिकीचा आवाज आला, काहीतरी बोलणं झालं. "इथे एकच डबा आहे. जाडसर आहे बाबा. मधासारखं दिसतंय. चालेल ना?"

"मी काय इथे मुक्कामाला आलोय काय?" खिडकीपलीकडचा माणूस ओरडला.

"डब्यावर ऑइल लिहिलंय ना?" कारकुनाने फोनमध्ये विचारलं.

"हो."

"मग घाल की."

ब्रेक ऑइल हे ऑइल नव्हेच. सगळे म्हणतात म्हणून नाव पडलेलं, इतकंच. त्यात खरं तेल गेलं की रबर फुगतं, हे कारकुनाला माहीत होतं. ऑफिसात गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला त्याने ते बजावून सांगितलेलं होतं. पण ब्रेकची बाटली डिकीतच आहे, असं तो त्या क्षणी धरून चालला होता. ती घरी होती, न्हाणीघराच्या खिडकीत. उन्हात दांड्याचा रंग मुलीच्या तळहाताला चिकटायचा, म्हणून गेल्या सुटीला त्याने तो खरवडून काढला होता, आणि रंग सोडवायला ब्रेक ऑइलसारखं दुसरं काही नाही. बंपरवर ते सांडल्यावर तो हे शिकला होता.

वॉचमनने ऑइल ओतलं. दिवा विझला. पुढचे काही दिवस गाडी बरी चालली. दांडा जड लागतोय, असं मुलगी एकदा जेवताना म्हणाली. "सुटीला बघतो," तो म्हणाला.

दुकानासमोर उतार आहे. त्या सकाळी वॉचमनने तिची गाडी पाहिली आणि नेहमीसारखा तो खुर्ची उतरवायला पायरीवरून खाली आला. मुलीने दांडा ढकलला. दांडा पार शेवटपर्यंत गेला. गाडी थांबली ती भिंतीला लागून, आणि भिंतीच्या अलीकडे वॉचमन होता. त्याचा उजवा पाय गुडघ्यापासून काढावा लागला.

पोलीस चौकीत साहेबांनी मुलीला चहा देववला. तिची खुर्ची टेबलाशी नीट लागत नव्हती, म्हणून हवालदाराने टेबल सरकवलं. कारकून तिच्या मागे उभा होता.

"ब्रेकमध्ये इंजिनचं ऑइल घालायला तुम्हाला कोणी सांगितलं?"

मुलगी लगेच बोलली नाही. बाहेर कोणीतरी मोटरसायकलला किक मारत होतं, ती चालू होत नव्हती. मुलगी चहाच्या कपाकडे बघत होती.

"कोणी नाही," ती म्हणाली. "मीच घालायला लावलं."

साहेब लिहू लागले. कारकुनाने खुर्चीची मूठ घट्ट धरली होती, एवढंच.

फिटरने सगळी रबरं बदलली, नळ्या धुतल्या. कारकुनाने स्वतः गाडी उतारावर नेऊन थांबवून पाहिली, पुन्हा वर नेली, पुन्हा थांबवली. फिटर शेजारी बसला होता.

"साहेब, मनाला लावून घेऊ नका. आम्हीसुद्धा ऑइलच म्हणतो त्याला."

"तुमच्याकडून कधी झालं का असं?"

फिटर खिडकीबाहेर बघत राहिला. खोटं बोलावं की नाही, याचा तो विचार करत असावा. "नाही," तो म्हणाला.

घरी मुलगी पलंगावर बसून उशांचे अभ्रे घडी करत होती.

"गाडी आणलीये. अगदी नव्यासारखी लागतेय. पोलिसांकडून परवाना सुटेपर्यंत चालवायची नाही, ठीक आहे. पण नुसती बसून तर बघ. फाटकाच्या आत. मी चाकांना विटा लावतो."

"नको बाबा."

"दांडा हलवून बघ नुसता. एवढासुद्धा जड नाही आता."

"नको म्हटलं ना."

"अगं, अशी भीती धरून बसलीस तर ती जायची कशी?"

"भीती कुठेय?" तिने अभ्रा मांडीवर ठेवला. "मी काल दवाखान्यात गेले होते. वॉचमनकाका खुर्चीत बसायला शिकतायत. चाक कसं वळवायचं ते मी दाखवलं त्यांना. त्यांनी मला 'ताई, बरं जमतं तुम्हाला' म्हटलं."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

कारकून पलंगाच्या कडेवर टेकला. "चौकीत तू माझं नाव घ्यायला हवं होतंस. मीच सांगितलं होतं ना तुला."

"माहितीये. फोनवर मीच होते."

"मग?"

"थांबले होते की मी जरा," ती म्हणाली. "तुम्ही बोलाल म्हणून."

ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने पुढचा अभ्रा उचलला, दोन्ही टोकं जुळवली, आणि तो बाहेर येऊन उभा राहिला. बायको दारातच होती. कारखानदार वगैरे काही म्हणाली नाही. "जेवून घ्या," एवढंच बोलली.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसला न जाता थेट चौकीत गेला. साहेबांसमोर उभा राहून त्याने सगळं सांगितलं. फोन, खिडकीवरची रांग, न्हाणीघरातली बाटली. सांगताना तो घाईघाईने बोलत होता आणि ते पाठ केल्यासारखं वाटतंय, हे त्याचं त्यालाच कळत होतं. साहेबांनी ऐकून घेतलं. माणूस बरा होता.

"बसा," ते म्हणाले. "मलाही एक मुलगी आहे."

"साहेब, मी खरं बोलतोय."

"सगळे बाप हेच म्हणतात. मुलगी अपंग, तिच्यावर बालंट नको म्हणून तुम्ही अंगावर घेताय. मी तुमच्या जागी असतो तर हेच केलं असतं. पण त्या दिवशी तुम्ही इथेच होता ना? तिच्या मागे?"

"होतो."

"तेव्हा काही बोलला नाहीत."

कारकून उभाच होता. साहेबांनी टेबलाच्या काचेवरची धूळ बोटाने पुसली आणि हवालदाराला पुढच्याला आत घ्यायला सांगितलं.

मुलगी आता भाड्याच्या व्हॅनने कामावर जाते. व्हॅन उंच आहे, फळी तिच्यापर्यंत पोचत नाही. ड्रायव्हर खाली उतरतो, विडी विझवतो, "चला ताई," म्हणतो आणि तिला काखेत हात घालून उचलतो. उचललेली असताना ती रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला बघते. आई खुर्ची घडी करून देते. कारकून फाटकाशी उभा असतो. आज ड्रायव्हरचे दोन्ही हात खुर्चीत गुंतले होते.

"काका, दार लावता का जरा?"

कारकुनाने दार ओढलं. ते नीट बसलं नाही. त्याने उघडून पुन्हा, खांद्याने दाबून लावलं. काचेआड मुलीने पदर आत ओढून घेतला.

व्हॅन निघाली. रस्त्याच्या टोकाला वळण आहे, तिथे शाळेची मुलं ओलांडतात. कारकून बघत राहिला. वळणाशी व्हॅनचे मागचे दिवे लागले, ती थांबली, मुलं ओलांडून गेली, दिवे विझले. मग तो आत आला.