पूल काढावा

काकांच्या मुलीच्या जोडीदार मैत्रिणीचा पाय जिन्यात मुरगळला, तेव्हा शर्यतीला चार दिवस उरले होते. काका सहज म्हणून गेले, "मग मी येतो." घरात कोणीच हसलं नाही, म्हणून त्यांना खरंच जावं लागलं.

काका नकाशा कचेरीत आरेखक होते. सगळी कचेरी त्यांना काका म्हणे, त्यांच्याहून वयाने मोठे साहेबसुद्धा. सव्वीस वर्षं टेबलाशी बसून त्यांनी डोंगर काढले, ओढे काढले, पायवाटा काढल्या, आणि त्यांतली एकही कधी तुडवली नाही. कचेरीचा जिना चढताना ते मधल्या वळणावर फलक वाचायला थांबत. फलकावर वाचण्यासारखं काही नव्हतं.

पण ही शर्यत नुसती पळण्याची नव्हती. थोडं डोंगरातून चालायचं, थोडी सायकल, थोडं तळ्यात वल्हवायचं, आणि हे सगळं हातातल्या नकाशावरून आपली वाट आपण शोधत. वाटेत सात ठाणी, प्रत्येक ठाण्यावर कार्डाला भोक पाडून घ्यायचं. नवशिक्यांसाठी सहा तास. दोघांनी सोबतच राहायचं आणि नदी फक्त पुलावरून ओलांडायची, नाहीतर बाद. नकाशा म्हटल्यावर काकांना वाटलं, अर्धी लढाई आपण घरीच जिंकली.

मुलीसाठी हा हौसेचा मामला नव्हता. तीन दिवसांच्या मोठ्या शर्यतीला जाणाऱ्या एका संघात एक जागा रिकामी होती. त्या संघाची कप्तान दातांची डॉक्टर होती आणि बोलणंही तसंच, भूल न देता. ही शर्यत वेळेत पुरी केलीस तर जागा तुझी, नाहीतर पुढच्या वर्षी बघू, असं तिने सांगून टाकलं होतं. मुलगी त्यासाठी वर्षभर पाठीवर वाळूची पिशवी बांधून पळत होती. काकांना हे माहीत होतं, आणि तरीही त्यांनी नवे बूट शर्यतीच्या सकाळीच पहिल्यांदा पायात घातले. नवी वस्तू आधीच वापरून जुनी करणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

सुरुवातीच्या तासभर आधी नकाशे वाटले गेले. काकांनी पाहिलं आणि त्यांची छाती फुगली. नकाशा त्यांच्याच कचेरीचा होता, नदीच्या नावाचं वळणही त्यांच्याच हातचं. शेजारी एक दाढीवाला नकाशा उलटा धरून बसला होता. काकांनी तो सुलटा करून दिला आणि न विचारता अर्धा तास उंचीच्या रेषा समजावल्या. नकाशा कधी चुकत नाही, वाचणारा चुकतो, हेही सांगितलं.

मग शर्यत सुरू झाली आणि काकांचं ज्ञान पायांत उतरेना. चढावर मुलीने एका हाताने स्वतःची सायकल सावरली आणि दुसऱ्याने त्यांची पाठ ढकलली. तळ्यात त्यांनी एवढ्या जोरात वल्हं मारलं की होडी जागच्या जागी दोनदा गरगरली. चौथ्या ठाण्यावर पोचेपर्यंत अर्धा तास हातचा गेला होता. मुलगी सारखी घड्याळ बघत होती, आणि ते काकांना लागत होतं.

पाचवं ठाणं नदीपलीकडे होतं. रस्त्याने वळसा घातला तर अकरा किलोमीटर. सरळ खाली उतरून पुलावरून गेलं तर तीन. इतका वेळ ओझं होऊन राहिलेल्या काकांना एकदम उजाडल्यासारखं झालं.

"पूल नक्की आहे ना, बाबा?" मुलीने विचारलं.

"मी स्वतः काढलाय."

तिने लगेच उताराची वाट धरली. बाबांनी सांगितलेलं आजवर कधी खोटं निघालं नव्हतं. दाढीवाल्याने हे ऐकलं, त्याने आणखी दोन जोड्यांना सांगितलं, आणि नकाशा कचेरीचा माणूस पुढे आहे म्हटल्यावर ती वरात काकांच्या मागे उतरू लागली. काका आयुष्यात प्रथमच कशाच्या तरी पुढे चालत होते. टाचांना फोड आले होते, पण त्यांना ते जाणवत नव्हते.

खाली नदी होती. पूल नव्हता. पडलेला नव्हता, वाहून गेलेला नव्हता, मुळात कधी नव्हताच. पायाचा एक दगडसुद्धा दोन्ही काठांवर दिसेना.

आणि तिथे उभ्या उभ्या काकांना अकरा वर्षांपूर्वीचा लाल पेन्सिलीचा शेरा आठवला. कच्च्या नकाशावर नियोजित पूल तुटक रेषेने दाखवला होता, आणि समासात नव्या साहेबांनी लिहिलं होतं, 'पूल काढावा.' आरेखकाच्या जातीला काढणं म्हणजे एकच. पुसायचं असतं तर साहेबांनी 'खोडावा' लिहिलं असतं. पण साहेब आले होते आस्थापना खात्यातून, आणि तिथे काढतात ती माणसं. काकांच्या मनात तेव्हा शंका आली होती. ते केबिनच्या दारापर्यंत गेलेही होते. साहेब फोनवर होते, आणि एवढंही कळत नाही का असं विचारतील म्हणून काका परत फिरले आणि तुटक रेषा त्यांनी ठसठशीत सलग केली.

"कोणत्या गाढवाने काढलाय हा पूल?" दाढीवाल्याने विचारलं.

तो काकांनाच विचारत होता असं नाही. छपाईची चूक, एवढे दोन शब्द पुरले असते. मुलगी त्यांच्याकडे पाहत होती.

"मी," काका म्हणाले. "पूल रद्द झाला होता. मला नीट कळलं नाही, आणि मी विचारलं नाही."

दाढीवाला त्यानंतर जे बोलला ते कचेरीच्या आवक नोंदवहीत घेता आलं नसतं. तिन्ही जोड्या चढ चढून परत पळाल्या. काका आणि मुलगी मागे राहिली. अर्ध्या चढावर तिने विचारलं, "शंका आली होती ना तुम्हाला? मग मघाशी मी विचारलं, तेव्हा का नाही सांगितलंत?"

"मघाशी शंका नव्हती गं. दर आवृत्तीला मी तो पूल पुन्हा काढत आलोय. माझ्यापुरता तो केव्हाच बांधून झाला होता."

सहा तास संपून वर चाळीस मिनिटं झाली तेव्हा ती दोघं पोचली. कप्तान घड्याळाशीच बसली होती. वेळ ती वेळ, तिने मुलीला सांगितलं, जागा यंदा नाही. मुलीने मान हलवली आणि बूट सोडायला खाली बसली. काकांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांनी हात जोडून सांगितलं की चूक सगळी माझी आहे, पोरीचा यात काही दोष नाही.

"माहीत आहे," कप्तान म्हणाली. "तुमच्या आधी तुमची बातमी पोचली. दाढीवाला सगळ्यांना सांगत सुटलाय. काका, माझ्या संघात पळणारे तिघं आहेत. पण वाट चुकली की तिघंही तासभर कबूल करत नाहीत, आणि शर्यत तिथेच जाते. चुकलो म्हणणारा माणूस मी दोन वर्षं शोधतेय. तुम्ही याल का? नकाशा धरायला? पायांचं आपण बघू."

सव्वीस वर्षांत कोणी काकांना असं बोलावलं नव्हतं. त्यांना आनंद झाला, खूप झाला, आणि त्या आनंदाचीच एवढी लाज वाटली की मान वर करवेना. मुलीने सगळं ऐकलं होतं. ती नाडीच्या गाठीशी झटत होती.

"काय करू?" त्यांनी तिला विचारलं.

तिने एक बूट काढला, त्यातलं पाणी गवतावर ओतलं आणि मग दुसरा काढला.

"जा तुम्ही," ती म्हणाली. "मनापासून सांगतेय, जा. पण मला फार राग आलाय, बाबा. आज घरी माझ्याशी बोलू नका."