‘डावा बंद आहे’

ऐका हो, जरा ऐका. रोज दुसऱ्यांचं बोलणं लोकांच्या कानात सोडतो, आज माझं स्वतःचं सोडतोय. मी एक साधा, वायरवाला इयरफोन. दोन बोंडं, एक लांब वायर आणि त्या वायरला जन्मजात गुंता व्हायची खोड. कितीही नीट गुंडाळून ठेवा, बाहेर काढलं की गाठ पडलेलीच. त्याला माझा इलाज नाही.

कारखान्यात आम्हा भावंडांना एकेक करून कानाला लावून बघणारी एक बाई होती. डावा वाजतो, उजवा वाजतो, पुढे चल. मी पहिल्याच खेपेला पास झालो. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे माझ्यावर आळ आला.

मला विकत घेतलं एका सुताराने. घरात सगळे त्यांना बाबा म्हणायचे, म्हणून मीही तेच म्हणतो. दिवसभर लाकूड कापून आलेला माणूस, गाणी ऐकायची हौस. घरी येऊन त्यांनी मला कानात घातलं, कपाळाला आठी घातली आणि म्हणाले, डावा बंद आहे. आई म्हणाली, दुकानात परत देऊन या. बाबा म्हणाले, कोण हेलपाटा घालणार. झालं! ना चौकशी, ना सुनावणी. मी खणात जाऊन पडलो. शेजारी संपलेल्या बॅटऱ्या, कुलूप हरवलेली किल्ली आणि अर्धी मेणबत्ती. सगळी निकामी मंडळी, आणि त्यांत धडधाकट मी.

खणात पडून घर ऐकत होतो. त्या घरात एकच भांडण रोज नव्याने व्हायचं. आईचं म्हणणं, या माणसाला माझं ऐकायचंच नसतं, शेजारी बसून बोलते तरी हूं नाही की चूं नाही. बाबांचं म्हणणं, ही तोंडातल्या तोंडात बोलते. ओटा डाव्या हाताला, म्हणून आईची खुर्ची कायम बाबांच्या डावीकडे. पण तेव्हा हे कुणाच्या लक्षात आलं नाही, मग मला काय दोष द्यायचा!

माझं नशीब पालटलं ते थोरलीमुळे. ही त्यांची अकरावीतली लेक. लहानपणापासून तिला दवाखान्यातच काम करायचं होतं. बाहुल्यांना पट्ट्या बांधायची, म्हणून घरात नाव पडलं डॉक्टरीणबाई. पण एकदा तिचा धाकटा भाऊ सायकलवरून पडला, गुडघा फुटला, आणि ही कापूस घेऊन धावली ती रक्त बघून स्वतःच धाडकन आडवी झाली. धाकट्यानेच लंगडत जाऊन हिच्या तोंडावर पाणी मारलं. तेव्हापासून डॉक्टरीणबाई म्हटलं की सगळे हसायचे. तीही हसायची, पण एकटी असली की गप्प व्हायची. जे करायचं मनात आहे त्याच्याच दारात आपण चक्कर येऊन पडतो, ही गोष्ट तिला आतून खात होती.

शाळेतल्या बाईंनी तिचं नाव एका उपक्रमात घातलं. दवाखान्यात काम करणारी माणसं आठवड्यातून एकदा ऑनलाइन यायची आणि ज्यांना त्या वाटेने जायचंय अशा मुलांशी बोलायची, एका मुलाला एक माणूस. कुकरच्या शिट्ट्यांत फोनचा आवाज ऐकू येईना, म्हणून थोरलीने खण उपसला. मला दोन्ही कानांत घातलं आणि म्हणाली, “अरे, हा तर छान चालतो की.” या एका वाक्यासाठी मी तिचा जन्माचा ऋणी आहे. बाबा म्हणाले, वायर हलून लागली असेल. घ्या! श्रेय वायरला.

पलीकडून जी ताई बोलायला लागली, ती निघाली ऐकू येतं की नाही हे तपासणारी, ऑडिओलॉजिस्ट. थोरलीचा चेहरा पडला असावा, कारण तिचा आवाज एकदम पडला. नंतर मैत्रिणीपाशी कुरकुरलीसुद्धा, की मागितला सर्जन आणि पदरात पडल्या कानवाल्या बाई. पण ताई मोठी गोड. सांगायची कमी, विचारायची जास्त. दवाखान्यात हाडांचे फोटो काढणारा असतो, पुन्हा चालायला शिकवणारी असते, पेशंटने काय खायचं ते ठरवणारी असते, हे मलाही तिच्याकडूनच कळलं. मला आपलं वाटायचं, दवाखाना म्हणजे डॉक्टर आणि बाहेरचं बाकडं.

एके दिवशी थोरलीने धीर केला. वायर बोटाला गुंडाळत हळूच म्हणाली, “ताई, मी फॉर्ममध्ये लिहिलं नाही, पण मला रक्त बघवत नाही. चक्कर येते. मी उगाच तुमचा वेळ घेतेय का?”

ताई हसली नाही. म्हणाली, ही चक्कर पुष्कळांना येते, कित्येकांची सवयीने जाते. “आणि नाही गेली, तरी माझ्या खोलीत रक्त नसतं गं. समोर एक ओशाळलेलं माणूस बसलेलं असतं. त्याला आपलंसं करता आलं पाहिजे, बस.”

मग ती त्या माणसांबद्दल सांगायला लागली. म्हणे, मला ऐकू येत नाही असं कुणीच म्हणत नाही. टीव्ही बिघडलाय म्हणतात, फोन खराब आहे म्हणतात, बायको पुटपुटते म्हणतात.

थोरलीने मला कानांतून काढून उलटसुलट बघितलं आणि पुन्हा घातलं. मग म्हणाली, “ताई, हा इयरफोन बाबांनी खराब म्हणून टाकला होता. डावा बंद आहे म्हणाले होते. मला तर दोन्हीकडून ऐकू येतंय.”

“मग त्यांना उलटा घालायला दे,” ताई म्हणाली. “डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. आणि बघ काय म्हणतात.”

जेवणं झाल्यावर थोरलीने गाणं लावलं आणि मला बाबांच्या कानांत दिलं. बाबा म्हणाले, बघ, डावा अजून बंदच. तिने बोंडं अदलाबदल केली. बाबांनी मान हलवली आणि मला काढून तिच्या हातात ठेवलं.

“घे. डावा सुरू झाला, आता उजवा गेला.”

आई आधी हसली. मग हातातलं पातेलं तसंच धरून उभी राहिली. “म्हणजे इतकी वर्षं मी कुणाशी भांडत होते?” एवढंच म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. बाबा ओशाळून खाली बघत बसले. लहानपणी कान फुटायचा, पण तो बरा झालाय, असं काहीसं पुटपुटले. खरं पुटपुटणारे तर तेच निघाले!

ताईने सांगितल्याप्रमाणे थोरली त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. डाव्या कानाच्या पडद्याला जुनं भोक होतं. यथावकाश ऑपरेशन झालं आणि बरंचसं ऐकू यायला लागलं. पण तपासणीच्या वेळी आवाजबंद खोलीत काचेपलीकडे बसलेल्या बाबांना धीर देत होती ती थोरली, हाताने खुणा करत, न घाबरता. घरी आल्यावर तिने ताईला सांगितलं, मला हेच शिकायचंय. आईने मात्र खुर्ची उजवीकडे आणली. आणि हळू आवाजात केलेली टीकाही आता बाबांना पोचते, त्यामुळे तिची जरा पंचाईत झालीय.

आता थोरली त्याच अभ्यासासाठी परगावी राहते. माझी वायर दोनदा चिकटपट्टीने जोडलीय, बोंडांची रबरं गेलीत. पण माझी तक्रार नाही. खणातल्या मंडळींच्या नशिबी असा दिवस आला नाही, माझ्या आला. तुमच्याही घरात कुणी ‘ऐकतच नाही’ असं असेल, तर बोल लावण्याआधी एकदा बाजू बदलून बसा, एवढंच या जुन्या नोकराचं मागणं.

परवा बाबांशी फोनवर बोलता बोलता थोरली म्हणाली, इयरफोनचा डावा बंद पडला हो. बाबा तिकडून खो खो हसले. “बाजू बदलून बघितलीस का?” तिने बघितली. या वेळी मात्र खरंच मीच बिघडलो होतो.

तिने तसं सांगितलं. बाबा म्हणाले, “असू दे. पण टाकू नकोस हं त्याला.”

हे शब्द तिच्या कानापर्यंत मीच नेले, उजव्या बाजूनं.