त्याच सालच्या खुंट्या

आमच्या दादाला गंजाचं भारी वेड. लोक माझ्या दुकानात गिटारचा गंज काढून घ्यायला येतात, हा शहाणा चढवून घ्यायला आला. म्हणे, "नवे स्क्रू चकाकतात गं, जुन्या गिटारवर उपरे दिसतात." शेवटी बाराच्या बारा स्क्रू बरणीत व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले. तीन दिवसांनी ते मनासारखे कळकट झाले, तेव्हा कुठे स्वारी खूश झाली.

गिटार बाबांची. हॉटेलांत, पार्ट्यांत ती वाजवून त्यांनी आम्हा दोघांना वाढवलं. तेव्हा तिला बसमध्ये कुठेही कोंबायचे. आता ती 'व्हिंटेज' झाली, म्हणजे तिला हात लावायचा नाही! बाबांना मात्र ती पुन्हा वाजवायची होती, दुसरं काही मागणं नव्हतं त्यांचं. अडचण एकच होती. तारा ताणायच्या खुंट्यांचे दात झिजले होते, सूर लावला की दोन मिनिटांत उतरायचा.

नव्या खुंट्या बाजारात ढिगाने मिळतात. फक्त गिटारच्या डोक्यावरची भोकं मिलीमीटरभर मोठी करायची, अर्ध्या तासाचं काम. मी ड्रिल हातात घेतलं तर दादा असा किंचाळला, जणू त्याच्याच टाळक्याला भोक पाडतेय.

"त्याच सालच्या खुंट्या हव्यात! नाहीतर ती ओरिजिनल कशी राहील?"

"बाबांना नवा गुडघा बसवला तेव्हा विचारलंस का रे डॉक्टरला, कुठल्या सालचा म्हणून?"

बाबा खुदकन हसले. "भांडू नका रे. शोधा निवांत."

दादाला मी एवढं सुनावलं, पण खोटं कशाला बोलू, ड्रिल खाली ठेवताना मलाही हायसंच वाटलं. जुन्या लाकडाला भोक, आणि तेही माझ्या हातून? छे! बाजारात नाव आहे माझं. आम्ही दोघं एकाच माळेचे मणी.

पहिला संच आला तो वर्षभर नंतरचा निघाला. दादाने नाक मुरडून परत पाठवला. दुसरा बरोबर सालचा, पण त्याची पिळायची बटणं पांढरीफटक, हवी होती पिवळट. दादाने ती चहात उकळली आणि पार वाकडी करून ठेवली. तिसऱ्याच्या स्क्रूची जागा केसभर सरकलेली होती. तो मीच परत केला, कुणी सांगितलं नव्हतं.

बाबा दर रविवारी दुकानात यायचे. "आल्या का गं खुंट्या?"

"येतील हो, पुढच्या आठवड्यात."

मधे एकदा म्हणाले, बोटं आखडतात हल्ली. मी चोळायला तेल दिलं आणि पुन्हा फोनवर खुंट्या शोधत बसले. पुढचा आठवडा, पुढचा आठवडा करता करता तीन वर्षं गेली.

गेल्या रविवारी एकदाच्या बसल्या खुंट्या. त्याच सालच्या, पिवळट, जुन्याच भोकांत. सूर लावून मी दहा मिनिटं वाट पाहिली, तार तसूभर हलली नाही. दादा भिंग घेऊन एकेका स्क्रूवर वाकला. मी गिटार बाबांच्या मांडीवर दिली.

त्यांनी डावा हात तारांवर ठेवला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट खाली जाईना. उजव्या हाताने त्यांनी ती दोन्ही बोटं धरून तारेवर बसवली, उजवा हात काढला, तार छेडायला गेले, तोवर बोटं उचलली गेली. पुन्हा बसवली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही.

"बाबा, सूर कसा धरलाय बघा!" भिंगातून डोळा न काढता दादा म्हणाला.

"छान धरलाय रे," बाबा म्हणाले. "पण त्या बाजारातल्या खुंट्यांवरही तीन वर्षं वाजवली असती मी."

गिटार घ्यायला मी हात पुढे केला, पण त्यांनी ती सोडली नाही.