देवीची फुलं आणि भागीरथेची ज्वारी

डोक्यावर धरलेल्या लिंबात भगताचा चाकू शिरला अन् लालभडक रस भागीरथेच्या कपाळावरून ओघळला. पारावर जमलेलं अख्खं गाव मागं सरकलं. लिंबातून रक्त! चंद्रभान भगत घुमत ओरडला, "हेच हाय चेटकीण. देवीची फुलं उपटते अन् तुमची ज्वारी वाळवते!"

देवीची फुलं म्हणजे काय, तर ज्वारीच्या बुडाशी उगवणारं टारफुल्याचं तण. आर्वीकडच्या या गावात भगतानं ते देवीचं ठरवलं, तेव्हापासून बाया निंदताना त्याला हात जोडून पुढं सरकत. धन्य ती भक्ती! विधवा भागीरथा तेवढी फूल धरायच्या आत उपटून जाळायची. यंदा ओल्या मातीत साऱ्यांची ज्वारी उभी वाळली, हिची मात्र हिरवीगार. मग आणखी पुरावा कशाला हवा?

धाकटा दीर लहानू तिच्याच हातचं खाऊन वाढलेला. त्याचं वावर तिच्या धुऱ्याला लागून, कणसं निसवायच्या आत वाळलेलं. पहिली काठी त्यानंच घातली. तिचं मनगट मोडल्याचा आवाज त्यानं ऐकला, तरी हात थांबला नाही. मग दगड आले, लाथा आल्या. कुणी केस धरून तिला फरफटवलं.

शाळेतले प्रेमदास गुरुजी मधे पडले. त्यांचंही डोकं फुटलं. तसंच रक्त पुसत त्यांनी भगताचा चाकू हिसकावला आणि दुसरं लिंबू भगताच्याच टाळक्यावर कापलं. तेही लाल! तिसरं साध्या विळ्यानं कापलं, तर नुसतं पाणी.

"पात्यावर जास्वंदीचा रस वाळवला हाय," गुरुजी म्हणाले. "आंबट लागलं का लाल होते."

मग त्यांनी लहानूला त्याच्याच वावरात पिटाळलं. त्यानं ज्वारीचं एक ताट टारफुल्यासकट खणून आणलं. मुळांवरची माती त्यानंच धुतली. तणाची मुळं ज्वारीच्या मुळांना जळवांसारखी डसली होती.

"हे ज्वारीचा रस पिऊन राह्यलं," गुरुजी म्हणाले. "एका झाडाचं हजारो बी मातीत सांडते. तिनं सांडू देलं नाई. तुमी चोराले पुजलं."

लहानूचं माथं भडकलं. काठी घेऊन तो भगतावर धावला, मागोमाग सारा गाव. भगत मातीत लोळून हात जोडू लागला. तेवढ्यात मोडका हात पोटाशी धरून भागीरथा उठली आणि दोघांच्या मधे उभी राहिली.

"याच्या हातात लिंबू होतं, लहानू. काठी तुह्या हातात होती. 'वयनी, तुही ज्वारी काऊन हिरवी?' असं एकदा इचारलं असतं, तं मी सांगतलं असतं ना."